बेचाळीस पेट्या

मधमाशी दिवस मावळला की घरी येते, हा तिचा मोठा गुण. आमचे हे मात्र चार दिवसांपूर्वीच थेट उत्तरेच्या सरहद्दीजवळ, चोरवोनला जाऊन बसले होते. तिथल्या रानात अकासिया फुलायला लागला होता, आणि आधी जाऊन जागा धरली नाही तर दुसरा कुणीतरी आपल्या पेट्या मांडून मोकळा होतो. त्यामुळे सांग्जूच्या डोंगरातल्या आमच्या घरून बेचाळीस पेट्या ट्रकमध्ये घालून रात्रभराच्या वाटेवर न्यायचं काम माझ्या आणि सासूबाईंच्या गळ्यात पडलं.

बेचाळीसच. मागच्या वर्षी दोनशे दहा होत्या. फेब्रुवारीत झाकणं उघडली तर आत मध तसाच आणि माश्या गायब. सगळ्या मुलखात तेच झालं होतं, त्यामुळे रडायला सोबत भरपूर होती, एवढंच. उरलेल्या या बेचाळीसांतून फुलोऱ्याच्या जोरावर, एकीच्या दोन करत, नव्या पेट्या पाडायच्या होत्या. या गेल्या की धंदा गेला. पन्नाशीची बाई आणि साठीचा नवरा आता नवीन काय शिकणार?

शेजारचे प्यो भाऊजी चार माणसं घेऊन आले, पेट्या चढवल्या, दोर आवळले आणि पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्याच्या पेट्या चढवायला गेले. आठ वाजता, बहुतेक माश्या आत शिरल्यावर, आम्ही दोघींनी पेट्यांची दारं लावली. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. दिव्याचं बटण फिरवलं, आणि समोरचं अंगण जसं काळं होतं तसंच राहिलं.

उतरून पाहिलं. दोन्ही हेडलाइट मेलेले.

"काय झालं?" सासूबाईंनी मागून विचारलं. त्या पेट्यांवरच्या जाळ्यांवर पाणी फवारत होत्या.

"दिवे लागत नाहीत."

"मग लाव."

सासूबाईंचं हे असं. मी यांना फोन केला.

"फ्यूज उडाला असेल," हे म्हणाले. "सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळ आणि बसव. लगेच लागतील."

"आणि गाडी पेटली की बेचाळीस पेट्या भाजून खाऊ का?"

"बोक-ही, वाद घालायची वेळ आहे का ही? आईला विचार किती वेळ आहे ते."

विचारायची गरज नव्हती. दारं लावलेली पेटी चालत्या गाडीवर सुखरूप असते, कारण जाळीतून वारा खेळतो. गाडी उभी राहिली की आतल्या वीस हजार माश्या बाहेर पडायला धडपडतात, धडपडल्या की तापतात, तापल्या की आणखी धडपडतात. शेवटी मेण वितळतं आणि सगळ्या आपल्याच वाफेत शिजून मरतात. मेअखेरची ती संध्याकाळ उबदार होती आणि वारा साफ पडला होता. दारं उघडून टाकावीत तर अंधारात सगळ्या बाहेर ओसंडतील, एकमेकींवर चढून गोळे होतील, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुन्हा बंद करता येणार नाहीत. निम्म्या हरवतील, चोरवोनची जागा जाईल, फुलोरा जाईल. पण निदान निम्म्या तरी जगतील. दिव्यांशिवाय निघावं तर घाटात सतरा वळणं आणि एका अंगाला दरी.

सासूबाईंनी खालच्या ओळीतल्या पेटीला कान लावला. सत्त्याहत्तर वर्षांच्या या बाईचा कान म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यापासून उत्तरेच्या सरहद्दीवरच्या कुंपणापर्यंत सगळ्या मधवाल्यांना माहीत असलेली चीज. झाकण न उचलता राणी आहे की गेली ते सांगायच्या. लोक पेट्या विकत घेण्याआधी गाडी पाठवून त्यांना घेऊन जायचे, आणि त्या नाही म्हणाल्या की सौदा मोडायचा.

"अजून नुसत्या कुरकुरतायत," त्या म्हणाल्या. "पाऊण तास. फार तर."

फ्यूज खरंच उडालेला होता, दोन्ही दिव्यांना मिळून एकच. पण फ्यूज उगाच उडत नाही. लग्नाआधी सात वर्षं मी गुमी शहरातल्या एका कारखान्यात मोटारींच्या वायरी बांधल्या आहेत. दिवसभर लाकडी फळीवर वायरींच्या जुड्या, तीच बोटं, तेच रंग. सासूबाईंच्या लेखी ते माझ्या कुंडलीतलं डाग लागलेलं पान. "कारखान्याची पोर, हिला फूल आणि गवत सारखंच," असं त्या सव्वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आल्या होत्या.

आमच्या ट्रकला नाकाड नाही. समोरचं जाळीदार झाकण वर उचललं की आत हेडलाइटची पाठ आणि वायरी दिसतात. मी झाकण उचललं. आतून भसकन वास आला, आणि एक उंदीर माझ्या मनगटावरून उडी मारून पसार झाला.

आत घरटं होतं. कापूस, गवत, आणि लांबच लांब पांढरा दोरा. दोऱ्यात गुंडाळलेलं एक सुकं मुंडकं, तोंड उघडं, डोळ्यांच्या जागी भोकं. खाली काटा. बाकीचा मासा उंदरांनी खाल्ला होता, आणि मासा संपल्यावर दात शिवशिवले म्हणून शेजारची वायरींची जुडी.

नव्या गाडीची पूजा झाली की आमच्याकडे पांढऱ्या दोऱ्यात बांधलेला सुका मासा गाडीत ठेवतात. तो उघड्या डोळ्यांनी वाट राखतो म्हणे. पण या गाडीचा पूजेचा मासा मी पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई जवळ आल्या, पाहिलं, आणि फवारा हातातच राहिला.

"राखणीला ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या? उंदरांच्या?"

"हिवाळ्यात सगळ्या माश्या गेल्या. म्हटलं निदान गाडीला तरी कुणी... तुझे सासरे बत्तीस वर्षं ट्रक चालवत होते. त्यांच्याही गाडीत होता. त्यांना नाही कधी उंदीर लागला."

"त्यांच्या गाडीला वायरी होत्या का दोनाच्या वर? मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते ते दोघींना माहीत होतं. माझ्या डोक्यात असा संताप भरला होता की ते मुंडकं उचलून कुंपणापार फेकावंसं वाटलं. फेकलंच. त्यानं एक वायरही जुळली नाही.

सासूबाई हलकेच म्हणाल्या, "इन-सोपला सांगू नकोस." इन-सोप म्हणजे आमचे हे.

मी टॉर्च घेऊन आत वाकले.

जुडीत नऊ वायरी होत्या. सहा तुटलेल्या, तीन कुरतडलेल्या. कुठली कुठली ते रंगावरून कळतं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. आमच्या टॉर्चवर लाल कागद असतो, कारण माश्यांना लाल उजेड दिसत नाही. कितीही नीट दारं लावा, शे-दोनशे माश्या बाहेर राहतातच आणि पेट्यांवर बसून असतात. पांढरा उजेड दिसला की त्या सरळ त्यावर येतात. पण लाल उजेडात लाल वायर आणि पांढरी वायर जुळ्या बहिणी, आणि हिरवी, निळी, काळी या तिघी एकाच काळोखातल्या. अंदाजानं जोडावं तर लांबच्या झोताची वायर अर्थला लागून पुन्हा फ्यूज उडायचा.

अंगणातला दिवा तर आम्ही मघाच घालवला होता. मी टॉर्चवरचा लाल कागद फाडला.

"अगं, काय करतेस!" सासूबाई ओरडल्या. "जाळी तरी घाल तोंडावर!"

"काळ्या जाळीतून रंग दिसत नाहीत. टॉर्च धरा. इथे, माझ्या हातांवर धरा. हलवू नका."

त्यांनी धरला. पहिली माशी पाच-सहा श्वासांत आली. मग एकदम सात-आठ. पहिला डंख अंगठ्याच्या पेराला, दुसरा कानामागे. सव्वीस वर्षांत डंखांची सवय झाली आहे, पण सवय होते ती हात झटकायची, हात स्थिर ठेवायची नव्हे. कारखान्यातली मुकादमीण पट्टी घेऊन मागे उभी राहायची, तिची आठवण काढली आणि हात झटकला नाही.

लाल पट्ट्याची पांढरी, लाल पट्ट्याच्या पांढरीला. टोकं दातांनी सोलायची, एकमेकांत अडकवायची, पीळ द्यायचा, टेप. हिरवी हिरवीला. टेप. चार वायरी इतक्या खाल्लेल्या की टोकं एकमेकांना पोचेनात. मधे घालायला तुकडा हवा, आणि तोही जाड. बारीक वायर हेडलाइटला लावली तर तापून वितळते.

"आई, घरातून भाताच्या विजेच्या कुकरची वायर कापून आणा."

"माझ्या कुकरची?"

"उद्या ब्रेड खाऊ!"

त्या गेल्या. टॉर्च मी दातांत धरला. आता माश्या थेट ओठांवर. एक खालच्या ओठाला डसली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण रंग दिसत होते तोवर चालत होतं. सासूबाई वायर घेऊन आल्या, टॉर्च माझ्या तोंडातून काढून घेतला आणि मोकळ्या हातानं माझ्या गालावरची माशी चिमटीत धरून बाजूला केली. एक. मग दुसरी. त्यांच्याही हाताला डंख बसत होते, ते दिसत होतं.

पावणेनऊ झाले असतील. सहाही वायरी जोडून झाल्या, कुरतडलेल्या तिन्हींना टेप गुंडाळली. भोंग्याचा फ्यूज काढून हेडलाइटच्या जागी बसवला. त्यावरचा अँपिअरचा आकडा तोच होता. मी चढले, बटण फिरवलं. अंगण लखलखलं, कुंपण दिसलं, मुळ्याचा वाफा दिसला. मी ओरडलेच. आणि टप्प असा आवाज होऊन सगळं पुन्हा काळं झालं.

कुठेतरी एखादी वायर अजून पत्र्याला लागत होती. माझ्याकडे त्या आकड्याचा एकच फ्यूज उरला होता, तोही समोरच्या काचेच्या वायपरचा.

सासूबाई मागे गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"बोक-ही, दारं उघड."

त्या मला नावानं कधी हाक मारत नाहीत.

"पाऊण तास म्हणाला होतात."

"झाला. खालच्या ओळीतल्या मधल्या पेट्यांचा सूर चढलाय. कुरकुर संपली, आता किंचाळतायत. ऊठ, त्या बाजूची तू उघड, या बाजूची मी उघडते."

मलाही ऐकू येत होतं. कढईत तेल तापल्यासारखा एकसुरी आवाज, मघापेक्षा उंच. पण किती उंच झाला म्हणजे फार झाला, ते मला कळत नव्हतं. ते एकट्या त्यांना कळत होतं.

"दहा मिनिटं द्या, आई. फक्त दहा."

"माश्यांना घड्याळ कळत नाही."

"उघडल्या तर निम्म्या जातील! एकवीस पेट्यांवर कुणाचं पोट भरणार आहे? फुलोरा संपेल, जागा जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या एकवीसही..." माझा ओठ सुजला होता, शब्द धड निघत नव्हते. "चूक सापडेल मला. माझी बोटं आहेत ही. तुमचा कान तशी माझी बोटं."

टॉर्चच्या उजेडापलीकडे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. आयुष्यात कुणी त्यांच्या कानाला थांब म्हणालं नसेल.

"दहा," त्या म्हणाल्या आणि पाण्याची बादली घेऊन मागे गेल्या.

मी टॉर्च विझवला. दिसत होतं ते सगळं पाहून झालं होतं. डोळे मिटले आणि जुडीच्या एका टोकापासून बोटं सरकवत निघाले, एकेक वायर, अंगठा आणि तर्जनीच्या मधून. बोटं सुजून बधिर झाली होती, त्यामुळे एकदा सरकवून भरवसा वाटेना. दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि त्यावरून तो सूर. सासूबाई काही म्हणत नव्हत्या. त्या काही म्हणत नव्हत्या याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

जिथे जुडी पत्र्याच्या भोकातून आत जाते तिथे, अगदी कडेला, उंदराचा एकच दात लागला होता. मोहरीएवढा उघडा ठिपका. बोटाला तांब्याचं टोक टोचलं. मी तिथे टेप गुंडाळली, पाच वेढे, दहा वेढे, मग वायपरचा फ्यूज बसवला आणि चढले. घाईत बटण फिरवलं तर आधी इंडिकेटरच लागला.

दिवे लागले. मी मनात वीसपर्यंत मोजलं. लागलेलेच राहिले.

"बसा!" मी ओरडले. सासूबाई त्या वयात फूटबोर्डवर पाय ठेवून अशा चढल्या की मी पाहतच राहिले. झाकण नीट बंद न करताच गाडी काढली. घाटात खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पण वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी मान बाहेर काढून ऐकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. सतरा वळणं आम्ही उतरलो. सगळ्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "ओठावर थुंकी लाव."

चोरवोनला पोचलो तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. हे आणि तिथले दोन मधवाले वाट पाहत उभे होते. त्यांतले एक बान साहेब, जे दर वसंतात सासूबाईंना विचारल्याशिवाय एकही पेटी घेत नाहीत. माझं तोंड पाहून हे दचकले. "कुणी मारलं तुला?" म्हणाले. मी म्हटलं, "वायरी उंदरांनी खाल्ल्या. नंतर सांगते. आधी उतरवा."

पेट्या उतरवल्या, रांगेत मांडल्या, दारं उघडली. वरच्या ओळीच्या पेट्यांतून माश्या अशा उसळल्या की दोघे मधवाले मागे सरले. पुढची ओळ, मागची ओळ, सगळ्या. हे मोठ्यानं मोजत होते आणि दर आकड्याला त्यांचा आवाज चढत होता. सदतीसनंतर ते थांबले.

खालच्या ओळीतल्या मधल्या पाच पेट्यांच्या दारातून काहीच आलं नाही. मध ठिबकत होता. यांनी एकीचं झाकण उचललं. मेण खाली बसलं होतं, आणि तळाशी माश्यांचा काळा, ओला ढीग. वास उकडलेल्या बटाट्यासारखा गोडसर होता. यांनी झाकण ठेवून दिलं, पुढचं उचललंच नाही.

"आई," हे म्हणाले, "तुला ऐकू आलं नाही?"

बान साहेबांनी नजर खाली घातली. सासूबाई पेट्यांजवळ उकिडव्या बसल्या होत्या. गुडघ्यांवर हात, हात डंखांनी फुगलेले.

"नाही आलं," त्या म्हणाल्या. "माझा कान चुकला. वय झालं आता."

मी दोर गुंडाळत होते, तो हातातून सुटला. दुपारपर्यंत ही गोष्ट मधवाल्यांच्या साऱ्या तळांवर पोचणार होती, की म्हातारीचा कान गेला. पुढच्या वसंतात कुणी गाडी पाठवणार नव्हतं. दुसरं काय होतं त्यांच्यापाशी? आणि ते त्यांनी असं, मुठीतली धूळ सोडावी तसं सोडून दिलं, कारखान्याच्या पोरीसाठी. त्या सुक्या माशाबद्दल मी तोंड उघडलं नाही म्हणून असेल, किंवा नसेलही. मी कधी विचारलं नाही. खरं सांगते, क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं. सदतीस तर वाचल्या होत्या. वायरी मी जोडल्या होत्या. नवरा पाठ थोपटणार होता.

"खोटं बोलतायत त्या," मी म्हणाले. "पावणेनऊलाच त्यांनी दारं उघड म्हणून सांगितलं होतं. मी दहा मिनिटं मागितली आणि पंचवीस लावली. कान चुकला नाही. मी ऐकलं नाही. या पाच माझ्या हातून गेल्या."

हे माझ्याकडे पाहत होते, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बान साहेबांनी मात्र मान वर केली.

"तुला कुणी विचारलं होतं?" सासूबाई कडाडल्या. "सात वर्षं कारखान्यात काढली, कुणी तोंड बंद ठेवायला नाही शिकवलं? आणि उघडल्या असत्या तर या सदतीसांतल्या किती राहिल्या असत्या, ते नाही सांगत ती! उभी काय राहिलीस? तहानेनं मरतायत त्या. पाणी कोण ठेवणार?"

मी दोन बादल्या उचलल्या आणि ओढ्याकडे निघाले. अकासियाच्या झाडांपर्यंत रडू आवरलं. ओढ्यावर गेल्यावर नाही आवरलं.